शंभर थेंबांमागे एकवीस

५ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राग आला की बोलायचं नाही, लिहायचं. दंडाला पट्टा बांधून, हवा भरून, वर हेही ऐकवलं की तुमचं वय आता अठ्ठावन्न आहे, अठ्ठावीस नाही. जसं काही मला ठाऊकच नव्हतं. बायकोनं त्याच संध्याकाळी ही वही आणली आणि आपण ती कधी उघडणार नाही असं शपथेवर सांगितलं. म्हणून लिहितोय. जेवणाच्या सुट्टीत, वर्कशॉपचं दार लावून, लेथच्या बाजूच्या स्टुलावर बसून.

आजचा राग मोजपट्टीचा. मोजपट्टी म्हणजे आमच्या लॅबच्या सरांकडे दीड वर्षापूर्वी संशोधनाला आलेली बाई. वय बत्तीस-तेहतीस, आधी कुठल्याशा कारखान्यात नोकरी करून आलेली. ॲप्रनच्या खिशात कायम सहा इंची स्टीलची पट्टी. खुर्ची दिली तर आधी मोजेल आणि मग बसेल. नाव मी ठेवलंय, तिला माहीत नाही. मला ती काका म्हणते, तसं म्हणायला मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंना ही वही दाखवायची वेळ आलीच तर कळावं म्हणून आमच्या कामाचं लिहून ठेवतो. आमच्या लॅबमध्ये कपाटाएवढी उभी काचेची पेटी आहे. ती मी बांधली. तळाशी तबकडी फिरते आणि आत हवेचा भोवरा उभा राहतो. वरून नोझलमधून पाण्याचे थेंब सोडायचे, केसाच्या जाडीपेक्षाही बारीक. नुसत्या डोळ्यांना धुकं दिसतं. पण बाजूनं उजेडाचा पातळ पडदा आत सोडला की पडद्यात सापडलेले थेंब चमकतात आणि कॅमेरा सेकंदाला पाच हजार फोटो काढतो. मग दिसते मजा. अगदी हलके थेंब भोवऱ्याबरोबर गुमान फिरत राहतात. जरा अंगानं भरलेल्यांना तेवढं वळण घेता येत नाही, ते बाहेर फेकले जातात. भोवऱ्याच्या पोटात काळं भोक पडतं आणि कडेला गर्दी होते. आतून जोरात आलेला थेंब कडेला रेंगाळणाऱ्याला गाठतो, आदळतो, दोघांचा एक मोठा थेंब होतो. ढगातले थेंब इतक्या लवकर मोठे कसे होतात ते यावरून कळतं म्हणे.

सहा वर्षांपूर्वी सरांनी यावर पेपर लिहिला. भोवऱ्याच्या कडेला शंभर थेंबांमागे एकवीस टकरा. लोकांच्या गणितात येतात त्याच्या तिप्पट. जगभरातून पत्रं आली. त्या पेपरवर पहिलं नाव सरांचं, दुसरं त्यांच्या तेव्हाच्या विद्यार्थ्याचं, तो आता परदेशात आहे, आणि तिसरं माझं. संपूर्ण संस्थेत वर्कशॉपमधल्या माणसाचं नाव पेपरवर आलेलं एवढं एकदाच. बायकोनं त्याचं पहिलं पान फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलंय.

आणि ही मोजपट्टी आज सगळ्यांसमोर म्हणते, "सर, मला सातच येतात."

सात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेटी माझी, तबकडी माझी, नोझल माझं, आणि हिला सात येतात. मी हातातला पाना टेबलावर आपटला.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आज बरं वाटलं. सरांनी तिला केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितलं. दार उघडंच होतं. पाच मार्चला तिचा आढावा आहे, समितीचे तिघं येणार. तोवर एकवीसच्या आसपास आकडा आला नाही, तर हिच्या हाताला प्रयोग जमत नाही असं सरांना लिहून द्यावं लागेल. म्हणजे शिष्यवृत्ती बंद आणि बाईसाहेब घरी. दीड वर्ष पाण्यात.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. रडेल असं वाटलं, पण नाही. सरळ पेटीपाशी गेली आणि नोझल उघडायला बसली. मी म्हटलं, "नोझलला काही झालेलं नाही, ते मी केलंय." ती म्हणाली, "माहीत आहे, काका." माहीत आहे तर उघडतेस कशाला?

हिला काय कल्पना आम्ही ते दिवस कसे काढले. त्या वर्षी सर रोज माझ्या डोक्यावर बसायचे. उस्ताद, फोटो रिकामे येतात. उस्ताद, थेंब दिसत नाहीत, हे फोटो घेऊन काय करू? परिषदेची तारीख तोंडावर आलेली. उजेडाचा पडदा ज्या फटीतून निघायचा ती फट माझ्याच हातची होती, पितळेच्या दोन पात्या आणि मध्ये एक मिलिमीटर अंतर. एका सकाळी सर यायच्या आधी मी पात्या सरकवल्या आणि फट चार मिलिमीटर केली. पुन्हा जागा चुकू नये म्हणून पितळेवर सुईच्या टोकानं रेघ ओढली. सर आले, फोटो बघितले, थेंबांनी नुसते भरलेले. माझ्या पाठीवर थाप मारली. "उस्ताद, काय केलंत?" मी म्हटलं, काच पुसली. कारागिरानं सगळंच थोडी सांगायचं असतं.

दोन वर्षांपूर्वी नवा लेझर आला, त्याला कंपनीनंच बसवलेली एक मिलिमीटरची फट, हलत नाही की डुलत नाही. माझ्या पात्या मी काढून पत्र्याच्या डब्यात ठेवल्या, ड्रॉवरमध्ये. त्यानंतर तो जुना प्रयोग पुन्हा करायची गरज कुणाला पडली नाही. ही पहिलीच. आणि पहिल्याच घासाला हिनं खडा शोधला.

१४ फेब्रुवारी, बुधवार

मोजपट्टी वर्कशॉपमध्ये आली होती. "काका, जुन्या मांडणीची फट आहे का हो तुमच्याकडे? बघायला मिळेल का?"

मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, नाही म्हणजे नाहीये, की नाही द्यायची? जिभेला काही हाड? मी म्हटलं, दोन्ही. गेली.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

माझ्या ड्रॉवरला हात लावला. माझ्या ड्रॉवरला. काल संध्याकाळी मी साडेपाचला गेलो आणि आज सकाळी बघतो तर पत्र्याचा डबा उलटा ठेवलेला. झाकणावरचं चित्र मी कायम माझ्या बाजूला ठेवतो, बत्तीस वर्षांची सवय आहे. आत पात्या होत्या, पण फडक्याची घडी दुसरीच.

लॅबमध्ये गेलो आणि सगळ्यांदेखत विचारलं, "कुणी चोरी केली?" ती उठून उभी राहिली. म्हणाली, "मी बघितल्या. परत ठेवल्या. विचारलं होतं, तुम्ही नाही म्हणालात, म्हणून न विचारता बघितल्या. चूक झाली."

अशी सरळ कबूल झाल्यावर माणसानं भांडायचं तरी कसं. तरी मी दहा मिनिटं बोललो. हिला लाज नाही, हिला वळण नाही, कारखान्यात हेच शिकवतात का, सगळं बोललो. ती ऐकून घेत होती. मध्येच माझ्याकडे अशी बघायची की मलाच काहीतरी झालंय. पराभव दिसायला लागला की लोक नरम पडतात, त्यातलाच प्रकार.

घरी रक्तदाब मोजला. आकडा लिहीत नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार

मोजपट्टीनं आकड्याचा विषय बंद केलाय. चार दिवस झाले, सरांशी वाद नाही, माझ्याशी नाही. मुकाट्यानं फोटो काढते. चोरी पकडली गेली म्हणून वरमली असेल.

आज मात्र मीच डिवचलं. म्हटलं, "काय, आले का एकवीस?" ती म्हणाली, "काका, तुम्ही टक्कर कशी मोजायचात?"

हा काय प्रश्न झाला? दोन थेंब फोटोत एकमेकांना चिकटलेले दिसले की टक्कर. ती म्हणाली, "आणि पुढच्या फोटोत?" मी म्हटलं, पुढच्या फोटोत पुढची टक्कर. ती म्हणाली, "खरंच आदळले असतील तर पुढे एकच थेंब निघायला हवा ना? थोडा मोठा. दोनच्या दोन निघाले तर?"

मी म्हटलं, तू मला थेंब शिकवणार? तू शाळेत होतीस तेव्हापासून मी नोझल घासतोय. आवाज चढला असावा, कारण वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावलं. ती म्हणाली, "मी शिकवत नाही. विचारतेय. तुम्हीच विचार करा ना जरा." आणि तोंड फिरवून कॉम्प्युटरकडे बघत बसली. तिचे कान लाल झाले होते. मला काय त्याचं.

२१ फेब्रुवारी, बुधवार

काल घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. लिहायचं असतं, बोलायचं नसतं, हे विसरलो. तिची एवढी साथ होती त्या कामात. सहा वर्षांपूर्वी मोजणी आम्ही घरीच केली होती, दीड महिना, सुट्टीच्या दिवशी दुपारी. मी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघून "टक्कर" म्हणायचं आणि तिनं अंगठ्यानं मोजणीचं बटण दाबायचं. बसच्या कंडक्टरकडे असतं तसलं, टिक टिक करणारं. चार हजार थेंब मोजले आम्ही.

तर मी सांगत होतो की ही शहाणी म्हणते, दोन निघाले की एक ते बघा. मला वाटलं बायको हसेल. ती कपडे घड्या करत होती, ती थांबली.

"अहो, हेच तर मी म्हणत होते तेव्हा."

"काय म्हणत होतीस?"

"की हे दोघं भेटून परत आपापल्या वाटेनं जाताहेत. हिला कसली टक्कर म्हणायची. एकदा नाही, चार-पाचदा म्हटलं. तुम्ही म्हणालात, तुला काय कळतंय त्यातलं, तू बटण दाब."

मी म्हटलं, मी असं काही बोललो नव्हतो. ती म्हणाली बरं, आणि पुन्हा घड्या घालायला लागली. आमच्याकडे "बरं" म्हणजे विषय संपला नाही, फक्त दार लावलं.

मी असं काही बोललो नव्हतो. बोललो असतो तर मला आठवलं नसतं का?

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

जुने फोटो काढले. मोजपट्टीला खोटं पाडायचं आणि घरी जाऊन बायकोलाही दाखवायचं, एवढाच हेतू होता. लॅबमध्ये कुणी नव्हतं. पहिली टक्कर काढली, दोन थेंब चिकटलेले, अगदी स्वच्छ. पुढचा फोटो बघितला. दोन थेंब. एक वर गेला, एक खाली, कुणाच्या अंगाला ओरखडा नाही. दुसरी टक्कर, दोन थेंब. तिसरी, दोन. चौथीला मात्र एकच निघाला, चांगला गरगरीत, आणि माझा जीव भांड्यात पडला. मग पाचवी, सहावी, सातवी, पुन्हा दोन दोन.

मी तीस बघितल्या. खऱ्या निघाल्या दहा, तिनातली एक.

मग पात्यांचा डबा काढला. माझीच रेघ, चार मिलिमीटर. त्या रेघेकडे बघत बसलो आणि माझ्या पायाखालची वाळू सरकली. पडदा चार मिलिमीटर जाड, म्हणूनच तर त्यात एवढे थेंब मावले. एक पुढच्या अंगानं जातोय, दुसरा मागच्या अंगानं, मध्ये त्यांच्या हिशेबानं दोन गल्ल्यांचं अंतर. कॅमेरा बघतो समोरून, त्याला दोघं एकमेकांवर चढलेले दिसतात. रस्त्याच्या अलीकडच्या फुटपाथवर एक माणूस, पलीकडच्यावर दुसरा, खिडकीतून बघताना एकाच्या मागे दुसरा झाकला जातो, तेवढंच. त्याला कुणी टक्कर म्हणणार नाही. मी म्हणालो. साडेपाचशेच्या वर फोटोंना म्हणालो, आणि जी नाही म्हणत होती तिला गप्प केलं.

काच पुसली म्हणे. थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

म्हणजे सातच. मोजपट्टी खरी. आणि पाच मार्चला तिला घालवणार ते माझ्या रेघेपायी.

२६ फेब्रुवारी, सोमवार

शनिवार-रविवार घरात कुणाशी बोललो नाही. आज सरांकडे गेलो. सर मोठ्या पेटीच्या प्रस्तावावर काम करत होते. आताच्या पेटीच्या आठपट, तीन मजली, सगळी त्या एकवीसच्या जोरावर मागितलेली. मी दार लावलं आणि उभ्याउभ्या सांगून टाकलं.

सरांनी प्रस्तावाचे कागद बाजूला सरकवले. मग म्हणाले, "पेपरमध्ये आपण एक मिलिमीटर लिहिलंय."

"तुम्ही मला विचारलंच नव्हतं, सर."

"तुम्ही सांगितलं नाहीत, उस्ताद."

हे खरंच होतं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि वेगळ्याच मऊ आवाजात विचारलं, "त्या पात्या अजून आहेत? इतक्या जुन्या वस्तू. नवा लेझर बसवताना हरवल्या असतील ना?"

मी म्हटलं, "आणि त्या बाईचं काय?"

"ती हुशार आहे, तिला कुठेही काम मिळेल. तुम्हाला निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. नवी पेटी तुमच्या हातची व्हावी असं मला वाटतं. आणि नाव माझं एकट्याचं नाही त्या पेपरवर."

मी म्हणालो, "बघतो."

"बघतो" म्हणालो मी. सर माणूस वाईट नाही, माझ्या बायकोच्या ऑपरेशनला रात्रभर बसून होते. पण आज मला त्यांचा चष्मा, त्यांचा तो मऊ आवाज, सगळ्याची शिसारी आली. आणि बाहेर व्हरांड्यात येऊन उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं की शिसारी आली तरी मी त्यांना "बघतो" असंच म्हणून आलोय.

२८ फेब्रुवारी, बुधवार

लिहिण्यासारखं काही नाही. मूग गिळून बसलोय. पेटीची काच पुसली, खरोखरची.

१ मार्च, शुक्रवार

मोजपट्टी टेबल आवरतेय. अजून आढावा झाला नाही आणि हिनं पुस्तकं खोक्यात भरली. माझ्याकडून नेलेले दोन पाने, एक पक्कड, स्क्रूड्रायव्हरचा संच, सगळं पुसून, चिठ्ठी लावून परत आणून दिलं.

मी म्हटलं, "अजून निकाल लागला नाही."

ती म्हणाली, "सातच येतात, काका. मी काय करू?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. अगं, भांड की. माझ्याशी तोंड वर करून बोलतेस, ड्रॉवर उघडतेस, मग सरांसमोर कसली शेळी होतेस? हे मी बोललो नाही. तिच्या जागी मी असतो तर खुर्च्या फेकल्या असत्या. मग वाटलं, खुर्च्या फेकणारा तर चार दिवस इथे पाने मोजत बसलाय.

पात्या अजून ड्रॉवरमध्येच आहेत. मी हरवलेल्या नाहीत. सांगितलेल्याही नाहीत.

५ मार्च, मंगळवार

आज वर्कशॉपला आतून कडी घातली आणि मगच वही उघडली.

समितीच्या खोलीतल्या प्रोजेक्टरची वायर सैल आहे, ती धरून बसायला मला मागच्या खुर्चीत ठेवलं होतं. डबा मी सकाळीच खिशात घातला होता. कशाला घातला ते तेव्हा मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. समितीत दोन पुरुष आणि दुसऱ्या विभागातल्या पांढऱ्या केसांच्या एक बाई. मोजपट्टीनं तिचे आकडे दाखवले. सात, सहा, सात, आठ, सात. सर म्हणाले, मुलगी मेहनती आहे, पण हाताला सफाई नाही, नोझल नीट बसत नाही. नोझल मी बसवलं होतं.

पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं, "जुन्या मांडणीत आणि तुमच्या मांडणीत काही फरक होता का?"

मोजपट्टीनं मान वळवून थेट माझ्याकडे बघितलं. सरांकडे नाही, माझ्याकडे. मग समोर वळून म्हणाली, "ते मी सांगायचं नाही."

माहीत नाही असं म्हणाली नाही. आणि तेव्हा मला लख्ख कळलं. तिनं डबा उघडला, रेघ बघितली, खिशातली पट्टी लावली, त्याच दिवसापासून तिला सगळं ठाऊक होतं. तीन आठवडे. मी तिला चोर म्हणालो तेव्हाही.

मी उठलो. वायर सुटली आणि भिंतीवरचं चित्र गेलं. डब्याचं झाकण उघडेना. नखांनी, मग चावीनं, अख्खी खोली माझ्याकडे बघतेय आणि मी डब्याशी झटतोय. सर म्हणाले, "उस्ताद, हे तुमचं काम नाही."

मी म्हटलं, "त्या पेपरवर तिसरं नाव माझं आहे, सर. तेवढ्यापुरतं माझंच आहे."

झाकण निघालं. पात्या टेबलावर ठेवल्या, रेघेवर जुळवल्या आणि सगळं सांगितलं. काच पुसली म्हणालो होतो तेही सांगितलं. बाईंनी मोजपट्टीपुढे हात केला, तिनं खिशातली पट्टी दिली. बाईंनी फटीवर धरली, चष्मा वर करून वाचली, आणि शेजारच्याकडे सरकवली. तिघांनी आळीपाळीनं बघितलं.

मग सरांनी समोरचे कागद गोळा केले आणि म्हणाले, "मला हे आज कळतंय."

मी सरांकडे बघितलं. आठ दिवसांपूर्वी दार लावून सांगितलं होतं, ते तोंडावर आलं. मी ते बोललो असतो. बोलायला तोंड उघडलंही. पण आठ दिवस पात्या ड्रॉवरमध्ये ठेवून बसलेला मी, कुठल्या तोंडानं बोलणार होतो? बाईंनीच विचारलं, "हे तुम्ही सरांना आधी सांगितलं होतंत?" मी म्हटलं, "हो. सव्वीस तारखेला." एवढंच. बाईंनी ते लिहून घेतलं.

मोजपट्टीचं काम पुढे चालू राहणार. आढाव्याला आता सरांऐवजी त्या बाई असतील. पेपर दुरुस्त होईल किंवा मागे घेतला जाईल, ते वरचे लोक ठरवतील. तीन मजली पेटीचं कुणी नाव काढलं नाही.

६ मार्च, बुधवार

सकाळी मोजपट्टीला वर्कशॉपमध्ये बोलावलं आणि दार लावलं. विचारलं, "तीन आठवडे गप्प का बसलीस? म्हाताऱ्याची कीव आली? मला कुणाची कीव नको. सांगितलं असतंस तर तेव्हाच सुटली असतीस." बराच बोललो. डॉक्टरीणबाईंची आठवणसुद्धा झाली नाही.

तिनं पूर्ण ऐकलं. मग हातातली पट्टी माझ्या लेथवर अशी आपटली की मी दचकलो.

"कीव? मला तुमचा संताप आला होता, काका. सगळ्यांदेखत चोर म्हणालात. मी ठरवलं होतं, हा माणूस किती दिवस गप्प बसतोय ते बघायचं. तुम्हाला विचारलं, टक्कर कशी मोजता. तुम्ही ओरडलात. तेव्हाच ठरवलं, जाईन पण ह्यांचं हे सांगणार नाही, बसू देत आयुष्यभर ती फ्रेम बघत." तिचा आवाज फुटला. "आणि मी सांगितलं असतं तरी कुणाला पटलं असतं? रेघ तुमच्या हातची. मी मारली नाही कशावरून?"

इतकं चिडलेलं माणूस मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं, म्हणजे आरसा सोडून. तिच्या पाठीमागे तिनंच चिठ्ठ्या लावून परत केलेले पाने टांगलेले होते. मी त्यातला एक काढून तिला दिला. म्हटलं, घेऊन जा, लागेल.

तिनं घेतला. म्हणाली, "ह्याच्या तोंडाचा आटा सैल आहे." मी म्हटलं, माहीत आहे.

सर आज आले नाहीत.

१० मार्च, रविवार

बायकोनं फ्रेम उतरवली नाही. मी म्हटलं, काढ ती. ती म्हणाली, "का? कागद खोटा आहे का? आकडा चुकलाय. नवा आला की नवा लावू." मी म्हटलं, नव्यावर माझं नाव नसेल. ती म्हणाली, "मग ज्यांचं असेल त्यांचं लावू." हिला कधी राग येतो की नाही कोण जाणे. मला त्याचाही राग आला.

मोजपट्टीनं जुने फोटो पुन्हा मोजायला मागितलेत, सगळे चार हजार थेंब. दुरुस्तीला लागणार आहेत. मी म्हटलं, घरी मोजतो. ती म्हणाली, एकटे नका मोजू. कळलं मला ती का म्हणाली ते.

दुपारी जेवणं झाल्यावर कॉम्प्युटर लावला. मोजणीचं यंत्र बायकोनं कुठूनतरी शोधून आणलं, धूळ पुसली, अंगठा ठेवून एकदा दाबून बघितलं. मग बसायला आली तर मी तिला पडद्यासमोरची खुर्ची दिली.

"मी?"

"तू बघ. मी बटण दाबतो."

"तुम्हीच बघा की. मला काय कळतंय त्यातलं."

तिनं हे मुद्दाम म्हटलं की सवयीनं, मला कळलं नाही. तिच्या तोंडाकडे बघितलं तर ती चष्मा शोधत होती. मी तिच्यावर खेकसलो की बस आता, उगाच वेळ काढू नकोस. ती बसली.

मी यंत्र हातात घेतलं. ती एकेक फोटो पुढे सरकवायची, नाकाला पडदा लागेल इतकी वाकून. घाई नाही. भेट दिसली की थांबायची, पुढचा फोटो बघायची, मागे यायची, पुन्हा पुढे. मी तिच्या खांद्यावरून बघत होतो. तीनशे थेंब झाले तेव्हा यंत्रावर आकडा होता बावीस. म्हणजे सातच.

मग एक आली, अगदी कडेला. दोन थेंब, एक जरा मोठा, काळ्या भोकातून सुसाट आलेला, दुसऱ्याला पुरता चिकटलेला. ही टक्कर नसेल तर कुठलीच नाही, मी पैज लावली असती. अंगठा बटणावर गेलाच होता.

"थांबा," बायको म्हणाली आणि पुढचा फोटो बघायला वाकली.

मी अंगठा वर धरून बसलो.